नाकतोड्याच्या गिटारीचं बटण

एक होता नाकतोडा. हिरवा हिरवा, बोटाएवढा. नाव त्याचं टिणू. टिणूच्या गळ्यात पट्टा, पट्ट्याला गिटार. टिणू उडी मारायचा टुणुक टुणुक. गिटार वाजायची टिंग टिंग.

टिणूची मैत्रीण गुबी अळी. कढीपत्त्याच्या फांदीवर ती कोश करून आत बसली होती. आत जाताना म्हणाली होती, "टिणू, मला बाहेर यायची भीती वाटेल. तू गिटार वाजव. ती ऐकली की मी येईन."

आज सकाळी कोश हलला. हुळुहुळु, हुळुहुळु. टिणूला काय आनंद झाला. त्याने मारली उडी, टुणुक. आणि धाडकन. गिटार खाली.

टिणू बघतच राहिला. पट्टा अडकवायचं बटणच निघालं होतं. स्क्रू बाहेर, गिटारीला नुसतं भोक. टिणूने स्क्रू खुपसला. पडला. थुंकी लावून खुपसला. तरी पडला.

टिणू गेला सुतारपक्ष्याकडे. टुणुक टुणुक.
"सुतारकाका, मी नाकतोडा. गिटार गळ्यात राहीना. कोश हलतोय, बटण बसवा ना."
"नाक तोडा?" काकांना धक्काच बसला. त्यांनी चोच पंखाखाली लपवली.
"नाही हो. मी कुणाचं नाक तोडत नाही."
काकांनी हळूच चोच काढली. भोकात डोकावले. "भोक सैल झालंय बाळा. आत काडी ठोकायला हवी. सुगरण काडी देईल, तर मी बटण बसवीन."

टिणू गेला सुगरणीकडे. टुणुक टुणुक.
"सुगरणताई, मी नाकतोडा. सुतार बटण बसवीना, गिटार गळ्यात राहीना. कोश हलतोय, काडी दे ना."
"नाक तोडा?" सुगरण घाबरून घरट्यात शिरली.
"नाही गं. मी कुणाचं नाक तोडत नाही."
"मग ठीक. पण नुसती काडी निसटेल रे. शेवगा डिंक देईल, तर मी काडी देईन."

टिणू गेला शेवग्याकडे. टुणुक टुणुक.
"शेवगेआजोबा, मी नाकतोडा. सुगरण काडी देईना, सुतार बटण बसवीना, गिटार गळ्यात राहीना. कोश हलतोय, डिंक द्या ना."
"नाक तोडा?" झाडाला कुठलं आलंय नाक? तरी आजोबांनी सगळ्या शेंगा वर ओढून घेतल्या.
"नाही हो. मी कुणाचं नाक तोडत नाही."
"बरं बरं. पण घसा सुकलाय माझा. नळ पाणी देईल, तर मी डिंक देईन."

टिणू गेला नळाकडे. टुणुक टुणुक.
"नळदादा, मी नाकतोडा. शेवगा डिंक देईना, सुगरण काडी देईना, सुतार बटण बसवीना, गिटार गळ्यात राहीना. कोश हलतोय, पाणी दे ना."
"नाक तोडा?" नळाचं नाक केवढं लांब. तो थरथरला. टप. थेंब पडला.
"नाही रे. मी कुणाचं नाक तोडत नाही."
"हुश्श. पण माझी चावी कोण फिरवणार? रेवू फिरवेल, तर मी पाणी देईन."

रेवू पायरीवर बसली होती. अडीच वर्षांची. टिणू गेला. टुणुक टुणुक.
"रेवू, रेवू, मी नाकतोडा. नळ पाणी देईना, शेवगा डिंक देईना, सुगरण काडी देईना, सुतार बटण बसवीना, गिटार गळ्यात राहीना. कोश हलतोय, चावी फिरव ना."
रेवूने दोन्ही हातांनी नाक घट्ट धरलं. "नाई. तू नाक तोलतो."

टिणूने मागे पाहिलं. कोश हलायचा थांबला होता. आता गुबी आतच राहणार.

"रेवू, हात काढ. मी नाकावर बसतो. तुटलं तर सांग."
रेवूने एक हात काढला. मग दुसरा. टुणुक. टिणू नाकावर. रेवूच्या तोंडाचा झाला आ.
"नाक आहे?"
"आहे."
"तुटलं?"
"नाई." आणि रेवू खुदकन हसली.

रेवूने चावी फिरवली, कर्र कर्र. नळाने पाणी दिलं, खळखळ. शेवग्याने डिंक दिला, चिकचिक. सुगरणीने काडी दिली. सुतारकाकांनी काडी डिंकात बुडवली, भोकात ठोकली, टक टक. वर स्क्रू पिळला. "आता वाळू दे," ते म्हणाले. मग सगळ्यांनी फुंकर घातली. फू, फू, फू.

टिणूने पट्टा अडकवला. टिंग टिंग. कोश गप्प. टिंग टिंग, टिंग टिंग. टर्रर्र. कोश फाटला.

आणि अळी कुठे? आतून आले पंख. काळे, पिवळे, ओले ओले. सगळ्यांच्या तोंडाचा झाला आ.
"तू कोण?" टिणूने विचारलं.
"अरे, मी गुबी."

गुबीने पंख वाळवले. ती उडाली आणि थेट गिटारीवर बसली. पट्टा ताणला. कुणी श्वास घेईना.
बटण निघालं? नाही निघालं.
गिटार पडली? नाही पडली.

"टिणू, वाजव ना," गुबी म्हणाली. "बाहेर आले तरी अजून थोडी भीती वाटते."
टिंग टिंग, टिंग टिंग.

गिटार राहिली गळ्यात, गुबी गेली मळ्यात, गोष्ट आली कानात.