आधी पदक, मग हॉल

कॉलेजच्या मुलींचा कबड्डी संघ पार्किंगमागच्या खडीवर सराव करायचा. तिथेच पडून कर्णधार सुनंदा गावितचा गुडघा कायमचा निकामी झाला. तेव्हा मुलींनी संस्थेचे अध्यक्ष आमदार तात्यासाहेब रणनवरे यांच्याकडे मॅटचा हॉल मागितला.

तात्यासाहेब म्हणाले, "एवढ्याशा कॉलेजला कशाला हवेत असले लाड? आधी पदक आणा, मग हॉल बांधू."

कुबडीवर उभी असलेली सुनंदा शांतपणे म्हणाली, "साहेब, तुम्ही आधी निवडून आलात आणि मग प्रचाराला निघालात का?"

कुणीही हसलं नाही. तात्यासाहेबांनी मान खाली घातली आणि प्राचार्यांना जागा आखायला सांगितली.

वर्षभरात हॉल झाला. पहिल्या सरावाला सगळ्या मुली मॅटवर उतरल्या आणि सुनंदा दाराशी त्यांच्या चपलांजवळ बसून राहिली.