चिमीची दाढ आणि कडुलिंबाची परी

उसाच्या हिरव्यागार फडामागे एक गुऱ्हाळ होतं आणि गुऱ्हाळामागच्या इवल्याशा खोपटात शेवंता राहायची. वडील नव्हते. आई दिवसभर उकळत्या रसाच्या काहिलीपाशी राबायची आणि नऊ वर्षांची शेवंता धाकट्या चिमीला सांभाळायची. भाकरीबरोबर भाजी नसली तरी सोनेरी काकवी मात्र रोज असायची. चिमी तर काकवीची बोटं चाटतच झोपायची.

मग एक दिवस चिमीची दाढ दुखली. आईने लवंग धरली, दुखणं गप्प झालं. "दुधाचीच दाढ हाय, पडणारच की," आई म्हणाली आणि सगळे विसरून गेले. दाढ काही विसरली नाही! आता चिमीचा गाल टम्म फुगला होता आणि दोन दिवस पेजेशिवाय तिच्या पोटात काही गेलं नव्हतं. दवाखान्याचं नाव काढलं की ती तोंड घट्ट मिटायची. शेवंताला रडूच आलं.

ती कडुलिंबाखाली जाऊन बसली. पांढऱ्या नाजूक फुलांचा सडा पडला होता. तिथेच काकवीच्या एका थेंबात काहीतरी चमचमत, धडपडत होतं. मुंग्या रांगेने निघाल्यासुद्धा होत्या! शेवंताने ओंजळभर पाणी आणून तो चिकट थेंब हलकेच धुतला, तर आत चिमुकली परी! पोपटी पंख आणि हातात मोहरीएवढा आरसा.

"एक वर माग, बाळ," परी म्हणाली. "पण माणसाच्या हातांनी होणारं काम मी करत नाही हं."

"चिमीचं दुखणं घालव."

"मी ते नुसतं गप्प करीन गं. कीड आत पोखरतच राहील आणि खालून येणाऱ्या नव्या दातालाही त्रास देईल. ती काढणारे हात दवाखान्यात आहेत."

"पण चिमी तोंडच उघडत नाही! तिची भीती तरी घे."

परी गंभीर झाली. "घेते. पण भीती हवेत विरत नाही. ती तुझ्याकडे येईल."

शेवंताला स्वतःलाच दवाखान्याची धास्ती होती. तरी ती म्हणाली, "येऊ दे."

दुसऱ्या दिवशी आई दोघींना तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. चिमी टुणकन खुर्चीवर चढली आणि तिने मोठ्ठा आ केला. डॉक्टरबाईंनी कीड साफ केली, दाढेत औषध भरलं. चिमीने हूं की चूं केलं नाही. शेवंता मात्र कोपऱ्यात आईच्या पदराआड लपली होती.

"आता ताईचे दात बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"माझं कुठं काय दुखतंय?" शेवंता दारापर्यंत पोचलीसुद्धा.

"दुखायच्या आधीच बघायचं असतं, बाळा."

चिमी टुकुटुकु बघत होती. आज ताई पळाली, तर चिमी या खुर्चीत पुन्हा कधी बसेल? शेवंता दोघींची भीती घेऊन खुर्चीवर चढली आणि तिने आ केला.

दाढेवर तिळाएवढा काळा ठिपका होता. "बरं झालं आलीस! नाहीतर हीसुद्धा चिमीच्या दाढेसारखी ठणकली असती." ठिपका भरून झाला, दातांवरचा पिवळा थर निघाला. कळलंसुद्धा नाही! "आता दर सहा महिन्यांनी यायचं, काही दुखत नसलं तरी."

इतक्यात डोक्यावरच्या दिव्यात पोपटी काहीतरी लुकलुकलं.

"चिमीची भीती परत न्यायला आले," परी कुजबुजली. "कुठंय?"

शेवंताने पोटात शोधली, छातीत शोधली. नव्हतीच.

"तुझी तूच संपवलीस! माग, आणखी एक वर माग. आता स्वतःसाठी."

चिमीला भाकरी खाता येऊ दे, असं ओठांवर आलं होतं, पण ते तर डॉक्टरबाईंच्या हातांनी झालंच होतं. "मग तू इथेच राहा," शेवंता म्हणाली. "माझ्यासारखं घाबरलेलं कुणी ना कुणी रोज येत असेल."

परीने तिच्या गालाचा पापा घेतला आणि तिथे एक गोड खळी पडली. मग पंख मिटून परी उजेडातच विरून गेली. दिवा क्षणभर पोपटी झाला, मग लख्ख सोनेरी.

अजूनही त्या दिव्याखाली बसलं की मुलांची भीती निम्मी होते. उरलेली निम्मी ज्याची त्याने संपवायची.