चिमीचा साखरेचा दाणा

एक होती मुंगी. तिचं नाव चिमी. कंबर एवढीशी, तोरा केवढा तरी.

शकूकाकूंच्या टायपिंगच्या दुकानात दसऱ्याची पूजा झाली. कॉम्प्युटरला हळदकुंकू लागलं. चिमीला प्रसादाचा एक दाणा मिळाला, साखरेचा. दाणा घेऊन चिमी निघाली तुरुतुरु.

टप्प! दाणा पडला कीबोर्डच्या फटीत. चिमीला रडूच आलं.

"कीबोर्डताई, कळ हलव. माझा दाणा दे."

"मॉनिटरदादा उजळेल, तेव्हा माझी कळ हलेल."

चिमी गोंधळली. दाणा राहिला मागे, चिमी चालली पुढे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मॉनिटरदादा, उजळ ना. कीबोर्ड हलेना, माझा दाणा मिळेना."

"सीपीयूमामा चित्र धाडेल, तेव्हा मी उजळेन."

दाणा राहिला मागे, चिमी चालली पुढे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"सीपीयूमामा, चित्र धाड ना. मॉनिटर उजळेना, कीबोर्ड हलेना, माझा दाणा मिळेना."

"वायरमावशी वीज आणेल, तेव्हा मी चित्र धाडेन."

आता हे काय नवीन? चिमीने डोकं खाजवलं. दाणा राहिला मागे, चिमी चालली पुढे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"वायरमावशी, वीज आण ना. सीपीयू चित्र धाडेना, मॉनिटर उजळेना, कीबोर्ड हलेना, माझा दाणा मिळेना."

"भिंतीवरचं बटण दाबलं जाईल, तेव्हा मी वीज आणेन."

चिमी भिंतीवर चढली. बटण ढकललं. हुश्श, हुश्श! बटण ढिम्म हललं नाही.

मग चिमी गेली काकूंच्या बोटावर.

"काकू, काकू, बटण दाबा ना. वायर वीज आणेना, सीपीयू चित्र धाडेना, मॉनिटर उजळेना, कीबोर्ड हलेना, माझा दाणा मिळेना."

काकू म्हणाल्या, "आमच्याकडे आधी प्रसाद, मग काम. सगळ्यांना प्रसाद मिळाला, की मी बटण दाबेन. कुणी राहिलंय का गं?"

चिमी म्हणाली, "मीच राहिलेय. माझाच प्रसाद फटीत पडलाय."

"अगंबाई! मग तुझा प्रसाद काढायला बटण दाबायलाच हवं."

काकूंनी बटण दाबलं, टक. वायरने वीज आणली, सर्रर. सीपीयूने चित्र धाडलं, घुर्रर. मॉनिटर उजळला, झगझग. काकूंनी कळ दाबली, टिक टिक टिक.

आणि फटीतून दाणा उडाला, टुणकन!

"दाणा इथे, बटण तिथे. मला तर काहीच कळलं नाही," चिमी म्हणाली. पण दाणा मात्र तिने कुडुमकुडुम खाल्ला.

दाणा गेला चिमीच्या पोटात, गोष्ट राहिली बाळाच्या ओठात.