रेघेतली बकुळा

एका राज्यात एक भिंत होती. राजवाड्याच्या दारापासून पाठशाळेच्या अंगणापर्यंत लांब आणि चुन्याने पांढरीशुभ्र. दर सख्यपंचमीला राज्यातली मुले तिच्यावर चित्रे काढीत. रीत अशी होती, की जोडीने बसायचे. एकाने कोळशाने रेघ काढायची, दुसऱ्याने तिच्यात रंग भरायचा. आपल्या रेघेत आपण रंग भरायचा नाही. ही रीत कोणी घातली, का घातली, हे कोणालाही आठवत नव्हते. पण ती कोणी मोडीतही नव्हते.

त्या राज्याच्या राजाची मुलगी हेमांगी आणि माहुताची मुलगी बकुळा यांची जोडी होती. हेमांगीची रेघ अशी, की तिने भिंतीवर दाणे काढले तर चिमण्या टिपायला येत. बकुळेचा रंग मात्र रेघेत राहत नसे. घोड्याचा रंग आभाळात जाई, आभाळाचा रंग तिच्या कोपरापर्यंत येई. मागच्या वर्षी हेमांगीने राजवाड्यातला हत्ती काढला, आणि बकुळेने त्याचा एक कान पिवळाधमक रंगवला. सगळा दरबार हसला. हेमांगीही हसली, पण ते तिच्या मनात राहिले.

या वर्षी शेजारचा राजा पाहुणा येणार होता. हेमांगीने मोर काढला. बकुळा वाटी आणि कुंचला घेऊन सरसावली.

"थांब जरा," हेमांगी म्हणाली. "मान मी भरते. मान अवघड असते."

मान भरून झाली. "आता मी?" बकुळेने विचारले.

"पिसारा नाजूक आहे. तू वाटी धर."

अर्धा पिसारा झाला. "आता मी?"

"धर म्हटलं ना नीट!"

शेवटच्या पिसाचा डोळा हेमांगीने भरला, आणि मागे वाटी खणकन पडली. ती वळली. बकुळा नव्हती. भिंतीवर मोराशेजारी कोळशाच्या रेघेची एक मुलगी उभी होती. दोन वेण्या, अर्धवट उघडे तोंड, आणि वाटी धरावी तसा पुढे केलेला रिकामा हात. बघता बघता मोराचा रंग ओघळून गेला. सगळ्या मुलांच्या वाट्यांतल्या रंगांचे पाणी झाले.

भिंतीवर एक भारद्वाज येऊन बसला. त्याचे डोळे गुंजेसारखे लाल होते.

"झालं मनासारखं?" तो म्हणाला.

"पक्षीराज, हे काय घडलं?"

"जे बजावलं होतं ते घडलं. पूर्वी नदीच्या दोन तीरांवरची माणसं एकमेकांची घरं जाळीत. कज्जला मांत्रिकिणीने त्यांना या भिंतीपाशी आणलं, एकाला कोळसा दिला, दुसऱ्याला रंग दिला, आणि सांगितलं, जो आपली रेघ आपणच भरील, त्याचा जोडीदार रेघ होऊन राहील. तुम्ही रीत लक्षात ठेवलीत, पण तिचं कारण विसरलात."

"उपाय सांगा."

"तीन रंग आण. तांबडा पळसबनातल्या राक्षसाकडे आहे, पिवळा हळदीच्या डोंगरावरच्या नागिणीकडे, आणि निळा खुद्द कज्जलेकडे. आणि पाय उचल. कोळशाची रेघ वाऱ्याने पुसते."

राजा म्हणाला, "मी सैन्य पाठवतो."

"बाबा महाराज, तिला वाटी मी धरायला लावली," हेमांगी म्हणाली. "जायचंही मलाच."

माहुताने म्हातारा हत्ती आणला आणि वारा अडावा म्हणून भिंतीसमोर आडवा उभा केला. मग एवढेच म्हणाला, "ताईसाहेब, माझी पोर आणा."

हेमांगी निघाली, आणि भारद्वाज पुढे उडाला.

पळसबनात राक्षस बसला होता. डोंगराएवढा, शिंगांवर शेवाळ वाढलेले. समोरच्या खडकावर त्याने नखाने एक चिमणी कोरली होती.

"पोरी, तांबडा पाहिजे? मग ही रंगव. रंग टिकला तर देईन. नाही टिकला तर खाईन."

हेमांगीने पळसाची फुले कुटली, माती कालवली आणि चिमणी अशी रंगवली, की पिसन् पीस वेगळे दिसावे. रंग खडकावरून घसरून खाली पडला. तिने पुन्हा रंगवली, पहिल्यापेक्षा सुरेख. तोही घसरला. राक्षसाने तोंड उघडले.

"बाईसाहेब," फांदीवरून भारद्वाज म्हणाला, "चिमणी कोणाची, ते विचारलंत का?"

हेमांगी थबकली. मग तिने हात जोडले. "राक्षसकाका, कशी होती ही चिमणी?"

राक्षसाचे तोंड मिटले. "माझ्या शिंगावर बसायची," तो म्हणाला. "तिचा डावा पंख पांढरा होता. पोट राखेसारखं. लोक म्हणायचे, रोगट आहे. रोगट नव्हती. तशीच होती."

हेमांगीने राख आणि चुना आणला. चिमणी जशी होती तशी रंगवली, आणि रंग खडकाला धरून राहिला. राक्षसाने शिंगावरून तांबडा रंग खरवडून दिला.

वाट चालता चालता हेमांगीला हत्तीचा पिवळा कान आठवला. तो पिवळा का, हे तिने कधी विचारले नव्हते.

हळदीच्या डोंगरावर नागीण वाट अडवून पडली होती. तिच्यामागच्या कातळावर सूर्यफुलांचे रान रेखलेले होते.

"माझ्या थोरल्या बहिणीने हे रेखलं आणि ती पाताळात गेली," नागीण म्हणाली. "रंग मी भरणार. मला हात नाहीत. वाटी तू धर."

"एवढंच काम, नागमावशी?"

"एवढंच. हलवलीस तर डसेन. मधे बोललीस तरी डसेन."

हेमांगीने वाटी धरली. नागीण शेपटीचे टोक बुडवी, एक पाकळी रंगवी, मग मान वाकडी करून बघत बसे. पाकळ्या वेड्यावाकड्या होत. हेमांगीचा उजवा हात शिवशिवे. तिथे कुंचला फिरवला तर रान कसे झळकेल, हे तिला दिसत असे. तिने तो हात पाठीमागे नेला. डाव्या हाताला मुंग्या आल्या, खांदा भरून आला, डोळ्यांत पाणी आले. वाटी हलली नाही. मोर होईपर्यंत बकुळा अशीच उभी होती, हे तिला तेव्हा हाताने कळले.

सावल्या लांबल्या तेव्हा शेवटची पाकळी भरली. नागिणीने पिवळा रंग दिला. "हात चोळ," ती म्हणाली. "उतरेल दुखणं."

कज्जला सातव्या डोंगराच्या माथ्यावर काजळ घोटीत बसली होती. ती इतकी म्हातारी होती, की तिची सावली बसूनच चाले. निळा रंग तिच्याजवळ एका शिंपल्यात होता.

तिने काजळात बोट बुडवून हवेतच रेघ ओढली. रेघ हवेत राहिली. त्यात दोन मुली होत्या; एकीच्या दोन वेण्या, दुसरी हेमांगीसारखीच, केसांत मोतियाची फुले.

"ही बकुळा," कज्जला म्हणाली. "भर हिच्यात रंग, आणि इथूनच हात धरून घेऊन जा. मुली, तुझ्याएवढा सुरेख हात या राज्यात नाही. वाराही सुटला आहे."

हेमांगीने कुंचला उचलला. खाली दूरवर वाऱ्याने झाडे वाकत होती. हत्ती म्हातारा होता. किती वेळ उभा राहणार? कुंचला तांबड्यात बुडाला, बकुळेच्या रेघेपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"नाही, आजी," ती म्हणाली. "माझ्याच्याने सुरेख होईल. पण ती मी केलेली बकुळा होईल. मला आमची पाहिजे."

"आणि उशीर झाला तर?"

"तर भिंतीशी बसेन. पण हे भरणार नाही."

कज्जलेने हवेतली रेघ फुंकून टाकली आणि शिंपला हेमांगीच्या हाती दिला. "मग पळ," ती म्हणाली.

हेमांगी धावली. पायांत काटे मोडले, ते तसेच राहिले. ती भिंतीपाशी आली तेव्हा हत्ती गुडघ्यांवर आला होता आणि माहूत त्याच्या कानाशी बोलत होता. बकुळेची एक वेणी पुसली होती. मुले, दरबारी, राजा, सगळे ओरडले, "भरा, ताईसाहेब! लवकर भरा!"

हेमांगीने कुंचला धरला नाही. तिने कोळसा उचलला आणि बकुळेशेजारी स्वतःची रेघ काढली. जशी होती तशी, धुळीने माखलेली, केस सुटलेली. मग बकुळेच्या रेघेतल्या रिकाम्या हाताशी कुंचला टेकवला, तिन्ही रंग एका थाळीत घेतले आणि थाळी धरून उभी राहिली.

"बकुळे," ती म्हणाली, "आता तू."

काही झाले नाही. वारा हत्तीच्या पाठीवरून आला आणि दुसरी वेणी फिकी झाली. हात भरून आला. तिने थाळी हलवली नाही.

मग कोळशाचे एक बोट वाकले.

कुंचला थाळीत बुडाला. हेमांगीच्या चित्राच्या गालावर तांबडा रंग बसला, रेघ सोडून पार कानापर्यंत गेला. तो बसला तशी कोळशाच्या बोटांवर कातडी आली. चित्रातल्या झग्यावर निळा आला, तसे बकुळेचे मनगट आले. पायांवर पिवळा आला, खांदा आला, वेण्या आल्या, तोंड आले. सर्वांत शेवटी बकुळेने हेमांगीच्या चित्रातले डोळे हिरवे रंगवले, आणि भिंतीतून पाय बाहेर टाकला.

मुलांच्या वाट्यांत रंग परतले. माहूत खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला.

"गालाचा रंग जरा बाहेर गेलाय," भिंतीकडे बघत बकुळा म्हणाली.

"जाऊ दे," हेमांगी म्हणाली. "बकुळे, तेव्हा हत्तीचा कान पिवळा का केला होतास?"

"अगं, जखम झाली होती त्याला! बाबांनी हळद लावली होती. साऱ्या राजवाड्याला दिसत होतं की." मग तिने विचारले, "हात दुखला का गं तुझा?"

"दुखला."

"माझापण दुखला होता."

"हो," हेमांगी म्हणाली. थाळी अजून तिच्या हातातच होती.

पाहुणा राजा आला. त्याने लाल कानाची, हिरव्या डोळ्यांची राजकन्या भिंतीवर पाहिली आणि विचारले, हे कोणी रंगवले? हेमांगीने सांगितले, माझ्या मैत्रिणीने. पाहुण्याने मान डोलावली. काय समजला, कोण जाणे.

तेव्हापासून त्या राज्यात घराघरांत आणि पाठशाळेत मुले जोडीनेच रंगवतात. भरण्याआधी विचारतात, आणि आपली पाळी नसेल तेव्हा वाटी धरतात. दर सख्यपंचमीला भारद्वाज भिंतीवर येऊन बसतो आणि सगळ्यांना नावे ठेवतो. भिंत अजून उभी आहे, तिच्यावरचा रंग अजून ओला आहे. हात लावाल तर बोटाला लागेल.