राजाची मोरपंखी

एकदा काय झालं, भानुराजाची लेक केतकी सासरी निघाली. एकुलती एक लेक. राजाच्या डोळ्याचं पाणी खळेना. मग वनदेवीला त्याची दया आली. तिनं त्याला मोरपंखीचं एक रोप दिलं आणि म्हणाली, "ही हिरवी, तोवर तुझी लेक सुखरूप." तुम्ही वहीत पान ठेवता ना, विद्या म्हणून? तीच मोरपंखी, बरं का. नाव घेण्यासारखं फूल नाही, फळ नाही, पण बारा महिने हिरवीगार.

राजानं रोप अंगणात लावलं आणि राज्यकारभार सोडून तिथंच ठाण मांडलं. माळीकाम त्याला काडीचं येत नव्हतं, पण ऐकतो कुणाचं? सकाळी घागर, दुपारी घागर, संध्याकाळी घागर. मग लेकीच्या गावाहून स्वार आला. म्हणाला, "राजकन्येचे पाय गार पडलेत."

राजा घाबरला. रोपाला थंडी बाधू नये म्हणून त्यानं चहूबाजूंनी रेशमी पडदे लावले. आत उन्हाचा कवडसा येईना. दुसरा स्वार आला, "राजकन्या पिवळी पडलीय." मग तर राजाची तहानभूक हरपली. दिसेल ते पिवळं पान तो कात्रीनं कापत सुटला, पार आतल्या लाकडापर्यंत. तिसरा स्वार आला, "राजकन्येचे केस गळतायत, अंथरुणाला खिळलीय."

तेव्हा कुठे राजाला भिवरा आठवली. बागेतली म्हातारी माळीण. इतके दिवस तिला त्यानं रोपाजवळ फिरकू दिलं नव्हतं. तिनं मातीत बोट घातलं.

"महाराज, लेकीला चिखलात उभं केलंत तुम्ही."

"अगं, सगळं मायेनं केलं मी."

"मायेनंच केलंत. आता जरा कमी करा."

मग तिनं चर खणून पाणी काढून दिलं, पडदे उतरवले, कात्री आपल्या कनवटीला खोचली. राजाला एकच काम दिलं. रोज मातीत बोट घालायचं, आणि कोरडी लागली तरच पाणी. राजा रोज भरली घागर न्यायचा. बोटाला ओल लागायची. भरली घागर परत आणायचा. हात नुसते शिवशिवायचे, कधी रडूही यायचं, पण थांबायचा बिचारा.

महिन्यानं शेंड्याला हिरवं फुटलं. लाकडापर्यंत कापलं होतं तिथं काही उगवलं नाही, पण शेजारच्या फांद्या हळूहळू पसरल्या आणि ती जागा झाकली.

दिवाळीला केतकी आली. आपल्या पायांनी चालत आली. राजा शाल घेऊन धावला, दुधाचा पेला घेऊन धावला, आणि मधेच थबकला.

"केतकी, तुला काय हवंय गं?"

असं त्यानं जन्मात कधी विचारलं नव्हतं.

"उन्हात बसायचंय, आबा. तुम्हीही बसा."

मग दोघं उन्हात बसली, आणि पुढंही सुखानं राहिली. तुम्हाला मात्र मी काही विचारणार नाही. पांघरूण घ्या गळ्यापर्यंत आणि मिटा डोळे.