टेबलासमोर बसणारं माणूस

एकदा एका गावात, कुठल्या ते विचारू नका, कारण अशी गावं पुष्कळ आहेत, एक वृद्ध कारागीर राहत असे. त्याचं नाव तातोबा. लोक त्याला मिस्त्री म्हणत. जुनं लाकूड दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत दुसरा नव्हता, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्यामुळे स्वभाव थोडा तिरकस. त्याच्या हाताखाली हणमंत नावाचा शिष्य शिकत होता. शिष्य म्हटलं की आपल्याला कोवळं पोर दिसतं. हा चांगला बत्तीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप होता. आधी कारखान्यात नवीन फर्निचर जोडायचा, आता जुनं उघडून बघायला शिकत होता.

एके दिवशी श्रीनिवास नावाचा एक गृहस्थ टेम्पोतून एक ड्रेसिंग टेबल घेऊन आला. शिसवी लाकूड, दोन्ही बाजूंना खण, मधे गुडघ्यांना जागा, वर दोन खांबांमध्ये अडकवलेला लंबगोल आरसा आणि बसायला बुटकं स्टूल. त्याच्या आईच्या, सरोजिनीबाईंच्या लग्नात तिच्या वडिलांनी दिलेलं. एक खण अडकत होता आणि आरसा मान टाकल्यासारखा पुढे लटकत होता.

"जुन्या सामानाचा एक व्यापारी हे घेतोय," श्रीनिवास म्हणाला. "म्हणाला, आधी दुरुस्त करून द्या. वडील जाऊन वर्ष झालं. तेव्हापासून यावर चादरच टाकून ठेवली होती. आईला आता याचा काय उपयोग? उगाच डोळ्यांसमोर राहून जिवाला त्रास."

"आईंना विचारलंत?" मिस्त्रींनी विचारलं.

"सांगितलं तिला. काही बोलली नाही."

आपल्याकडे बाई काही बोलली नाही की त्याला संमती समजतात. ही सोय कुणी काढली, देव जाणे!

हणमंतानं चार दिवस जीव ओतून काम केलं. खण लोण्यातून फिरावा तसा फिरू लागला. आरशाच्या दोन्ही बाजूंच्या पितळी फिरक्या झिजल्या होत्या, त्या त्यानं नव्यानं आटे पाडून बसवल्या. आता त्या आवळल्या की झालं. त्यानं पेचकस उचलला, तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "थांब. त्या आवळू नकोस. श्रीनिवासरावांना निरोप धाड. उद्या सकाळी आईंना घेऊन या म्हणावं. त्या समोर बसल्याशिवाय आरसा बसवता येणार नाही."

मिस्त्रींची ही जुनी रीत होती. ड्रेसिंग टेबलाचा आरसा ते कधीच अंदाजानं लावत नसत. जे माणूस रोज समोर बसणार, त्याला स्टुलावर बसवायचं, त्याची नजर कुठे पडते ते बघायचं, मग फिरकी आवळायची. हणमंताला हे माहीत होतं. पण इथे ते लागू कसं पडतं, हे त्याच्या डोक्यात शिरेना.

"मिस्त्री, टेबल तर उद्या व्यापारी नेणार. मग त्यालाच बसवा की स्टुलावर! टकलावरून कंगवा फिरवेल बिचारा."

मिस्त्री हसले नाहीत. "निरोप धाड," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी आधीच हजर झाला. टेबलाभोवती दोनदा फिरला, लाकडावर बोटानं टकटक केली आणि खूश झाला. "शहरात अशा मालावर लोक जीव टाकतात, मिस्त्री. नवी चकचकीत टेबलं घेतात, दोन पावसाळ्यांत त्यांची फळी फुगते. हे एका मोठ्या हॉटेलात जाणार, जिन्यापाशी."

"तिथे समोर कोण बसणार?"

"बसतंय कोण! वर फुलदाणी ठेवतील."

"असं का? फुलदाणीला आरसा लागतो हे मला ठाऊक नव्हतं," मिस्त्री म्हणाले. व्यापारी मनमोकळं हसला आणि टेम्पोपाशी जाऊन चहा पीत उभा राहिला.

तेवढ्यात रिक्षा आली. सरोजिनीबाई उतरल्या. त्या दाराशीच थांबल्या. टेबलाकडे त्यांनी पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"माझं काय काम इथे?" त्या श्रीनिवासला हळूच म्हणाल्या.

"वहिनी, दोन मिनिटं बसा," मिस्त्री म्हणाले. "माझं काम अडलंय."

कुणाचं काम अडलंय म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येईना. जन्मभर त्यांनी दुसरं केलं तरी काय होतं? पदर आवरून त्या स्टुलावर बसल्या. पण मान खाली, नजर स्वतःच्या हातांवर. टेबलाच्या मागे उभा राहून हणमंत आरसा दोन्ही हातांनी धरून होता. त्या बघतच नव्हत्या, त्यामुळे तो कुठे धरायचा हे त्याला कळत नव्हतं.

"मान वर करा, वहिनी. नाहीतर याचे हात भरून येतील."

सरोजिनीबाईंनी मान वर केली. वर्षभर त्या मागच्या पडवीत बसून, नुसत्या हातानं चाचपून केस बांधत होत्या.

"अगंबाई!" त्या म्हणाल्या. "केव्हा झाले एवढे पांढरे?" आणि डाव्या कानामागची एक बट सुटली होती, ती त्यांनी दोन बोटांनी आत खोचली. त्यांचे डोळे भरून आले.

श्रीनिवास कासावीस झाला. "मिस्त्री, यासाठीच मी म्हणत होतो. कशाला तिला हा त्रास? बाबा गेले, आता कुणासाठी तिनं..."

"श्रीनिवासराव," मिस्त्री शांतपणे म्हणाले, "तुम्ही आईच्या मायेपोटीच केलंत, यात शंका नाही. पण आपण धरून चालतो की बाई आरशासमोर बसते ती कुंकू लावायला. म्हणून कुंकू गेलं की आरशावर चादर टाकतो. कुंकू लावायला वेळ किती लागतो हो? डोळ्याचं पातं लवेपर्यंत. बाई मात्र तिथे पाव तास बसते. उरलेला वेळ ती कुणाला बघते? दिवसभर ती घरातल्या सगळ्यांकडे बघत असते. तेवढा पाव तास ती स्वतःकडे बघते. नवरा गेला म्हणून तिचा चेहरा काही त्याच्याबरोबर गेला नाही." मग ते हणमंताकडे वळले. "तू कारखान्यात आरसे कुठे लावायचास?"

"कपाटाच्या दाराला."

"म्हणजे उभ्या उभ्या बघा आणि चालू पडा. हे ज्यानं घडवलं, त्यानं गुडघ्यांना जागा सोडली, स्टूल दिलं. बाईनं निवांत बसावं, हे त्यानं आधीच ठरवलं होतं. लोक एवढ्या वर्षांनी या जुन्या टेबलांना भुलतात, ते लाकडाला भुलतात असं त्यांना वाटतं. मला विचाराल तर, इथे आपल्याला बस म्हणतंय कुणीतरी, एवढंच त्यांना हवं असतं."

श्रीनिवास आईकडे पाहत होता. आईनं वर्षभरात स्वतःसाठी काहीही मागितलं नव्हतं, आणि आपण ते लक्षातही घेतलं नव्हतं, हे त्याला त्या क्षणी कळलं आणि त्याची त्याला लाज वाटली.

बाहेरून व्यापाऱ्यानं हाक मारली, "मिस्त्री, झालं का? चढवायचं का टेम्पोत?"

हणमंतानं मिस्त्रींकडे पाहिलं. ते मुद्दाम दुसरीकडे बघत होते. मग तो स्वतःच दाराकडे तोंड करून म्हणाला, "नाही शेठ. समोर माणूस बसलंय."

सरोजिनीबाईंनी पदरानं डोळे पुसले. आरशात पुन्हा एकदा नीट पाहिलं, थोडं डावीकडून, थोडं उजवीकडून. हणमंतानं आरसा एका जागी स्थिर धरला आणि विचारलं, "काकू, इथे आवळू?"

"नको," त्या म्हणाल्या. "अजून जरा पुढे झुकव. पूर्वीइतकी ताठ बसत नाही मी आता."