देव्हाऱ्यातलं घड्याळ

जुनी बिघडलेली घड्याळं विकत घेऊन दुरुस्त करायचा अंबूताई शेट्यांना भारी नाद. रावसाहेब कडूसकर आपल्या आजोबांचं खिशातलं घड्याळ विकणार, हे कानावर पडताच त्या त्यांच्या बंगल्यावर हजर झाल्या.

घड्याळाची काच तडकलेली आणि कडेला हळदीकुंकवाची पुटं चढलेली. हे दुरुस्त होण्याजोगं आहे की नुसतंच डबडं, अंबूताईंचं मन ठरेना.

रावसाहेबांनी छाती फुगवली. "आजोबा गेले आणि दुसऱ्याच दिवशी हेही थांबलं! इतकं इमानी! तेव्हापासून देव्हाऱ्यात ठेवून रोज पूजा करतो आम्ही. दुःखानं थांबलेलं घड्याळ तुम्ही काय चालवणार, बाई? चालवून दाखवलंत तर फुकट न्या. नाही जमलं, तर मागेन ती किंमत मोजायची."

"कबूल," अंबूताई म्हणाल्या. "एवढंच सांगा, आजोबांच्या मागे याला चावी कोणी दिली?"

"चावी? आजोबांच्या घड्याळाला चावी द्यायची कोणाची छाती होती!"

अंबूताईंचं मन तिथंच ठरलं. त्यांनी हलक्या हाताने चावी दिली, घड्याळ स्वतःच्या कानाशी धरलं आणि मग हसत हसत रावसाहेबांच्या कानाशी नेलं. टिकटिक ऐकून रावसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"यानं दुःखानं अन्नपाणी सोडलं नव्हतं हो, रावसाहेब," घड्याळ पदराच्या गाठीत बांधत अंबूताई म्हणाल्या. "तुम्ही सगळे नैवेद्य दाखवत राहिलात, घास कोणी भरवलाच नाही!"